काळकाईचा कौल आणि रेंजचा दगड

महाड-पोलादपूरकडे ज्यांना जायचं असेल त्यांनी जरूर जावं. दिवाळी झाली की जावं. भात कापणीला आलेलं असतं, डोंगर अजून हिरवे असतात आणि गाडीच्या काचा खाली ठेवून जाता येतं. फक्त बरोबर माझ्या अक्काला नेऊ नये.

अक्का माझी थोरली बहीण. भाऊजी गेल्यापासून ती चिंचवडला माझ्याकडेच असते. तिचा एकुलता एक मुलगा महेश मस्कतला आहे आणि तिथून तो दर दोन दिवसांनी फोनवर मला सांगतो, "मामा, तुम्ही आहात म्हणून मी निवांत आहे." तो निवांत असतो, मी नसतो. अक्काच्या हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. चार पायऱ्या चढली की ती थांबते आणि जिन्याच्या कठड्याकडे असं बघते, की जणू तोच दमलाय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, झडप बदलावी लागेल, आणि आता वेळ काढलात तर पुढे माझ्याही हातात काही राहणार नाही. दिवस ठरला. खोली ठरली. अक्काने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, डॉक्टरांना त्यांचं मूळ गाव विचारलं आणि घरी आल्यावर पदराने चष्मा पुसत जाहीर केलं, "काळकाईचा कौल घेतल्याशिवाय मी टेबलावर झोपणार नाही."

काळकाई ही तिच्या सासरच्या वाडीची देवी. वाडी पोलादपूर तालुक्यात, कुडपणच्या वाटेवर डोंगराच्या कुशीत. कौल म्हणजे काय, ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. देवीच्या पाषाणाच्या डाव्या-उजव्या अंगाला गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. वाडीतल्या सोयरिकी, विहिरी, नोकरीसाठी मुंबईला जाणं, सगळं या पाकळ्यांवर ठरतं. आता त्यात माझ्या बहिणीचं हृदयही आलं.

मी चाळीस वर्षं औषधांचं दुकान चालवलेला माणूस. गोळीच्या पाकिटावरची तारीख बघितल्याशिवाय मी ती स्वतःच्या डोकेदुखीलाही घेत नाही. अक्काच्या बाबतीत मी एका डॉक्टरवर थांबलो नव्हतो. तिघांना दाखवलं. तिघांनी एकच सांगितलं. शिवाय रात्री बसून त्या तिघांना इंटरनेटवर लोकांनी किती चांदण्या दिल्यात तेही पाहिलं होतं. एवढं सगळं करून आता पाकळी!

"अक्का, देवीला झडपेतलं काय कळतं?"

"तुला तरी काय कळतं?" ती म्हणाली. "तू तिघांना विचारलंस बंडू, म्हणजे तुझा एकावरही भरवसा नव्हता. मी एकीलाच विचारणार आहे."

मी चहाचा कप जोरात खाली ठेवला. आणि बॅग भरायला घेतली, कारण शस्त्रक्रियेच्या आधी परत यायचं तर लगेच निघायला हवं होतं.

महाड

एका दमात वाडी गाठणं अक्काला झेपणार नव्हतं, म्हणून महाडला मुक्काम केला. लॉजच्या मालकाने खोली दाखवायच्या आधी जिन्याजवळची भिंत दाखवली. त्याच्या खांद्याच्याही वर एक तपकिरी रेघ होती. बाकी भिंतीला नवा रंग दिलेला, रेघ मात्र तशीच ठेवलेली.

"सावित्रीचं पाणी इथवर आलं होतं," तो म्हणाला. "म्हणून तुम्हाला वरची खोली देतो."

बाहेर लख्ख ऊन होतं, आकाशात औषधालाही ढग नव्हता. मी म्हटलं, "अहो, आता कुठून येणार पूर? हिला जिना चढवत नाही."

"येणार नाही हो. पण वरची असलेली बरी."

अशा माणसाशी वाद घालता येत नाही. अक्का मध्ये दोनदा टेकून जिना चढली आणि वर जाऊन तिने मालकाचं कौतुक केलं, की माणूस काळजीवाहू आहे.

दुसऱ्या दिवशीसाठी गाडी ठरवली ती इक्बालभाईची. इक्बालभाई महाडचाच, कुवेतला बरीच वर्षं ट्रेलर हाकून परत आलेला, चाळिशीतला, नीटनेटका माणूस. गाडीही नीटनेटकी. आमची बॅग ठेवायला त्याने डिकी उघडली तर आत नारळांचं अर्धं पोतं.

"विकता की काय?" मी विचारलं.

"नाय हो काका. पॅसेंजर घरून नारळ विसरून येतात. मग घाटाच्या तोंडाशी त्यांना आठवतो आणि माझ्याशी भांडतात. त्यापेक्षा आपणच ठेवलेला बरा."

मला हा माणूस आवडला. निदान गाडीत एक तरी व्यवहारी माणूस आहे, असं वाटलं. हे समाधान पोलादपूरपर्यंत टिकलं. पोलादपूरच्या नाक्यावर, जिथून मोठे ट्रक कशेडी घाटाकडे निघून जातात आणि आम्हाला आतल्या रस्त्याला वळायचं होतं, तिथे इक्बालभाईने गाडी कडेला घेऊन बंद केली आणि फोन लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा नाही.

"काय झालं?"

"अम्मीला फोन करतोय. चढ लागायच्या आधी तिला सांगतो. ती दुआ करते, मग मी गिअर टाकतो."

"आणि तिने उचललाच नाही तर?"

"उचलेल. आंघोळीला गेली असंल."

अक्का मान डोलावत म्हणाली, "बरोबर आहे. घाई नको." मग आम्ही तिघे टपरीवर चहा घेत, महाडमधल्या एका बाईंची आंघोळ कधी संपते याची वाट बघत बसलो. मी दर घोटाला घड्याळ बघत होतो. वडापाव गरम होता, लसणाची चटणी झणझणीत होती आणि अक्काला मिठाचं पथ्य असल्याने तिने ती फक्त 'चवीपुरती' तीनदा घेतली. शेवटी फोन आला. इक्बालभाई दोन शब्द बोलला, चेहरा उजळला, आणि आम्ही निघालो.

पोलादपूरच्या पुढे

इथून पुढे मी माझ्या श्रद्धेविषयी सांगितलं पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. माझी श्रद्धा फोनमधल्या नकाशावर होती. उमरठकडचा फाटा मागे पडल्यावर एका ठिकाणी रस्त्याला दोन वाटा फुटल्या. नकाशातली बाई म्हणाली उजवीकडे. अक्का म्हणाली डावीकडे, कारण ती लग्न होऊन आली तेव्हा बैलगाडी डावीकडे वळली होती. इक्बालभाईने माझ्याकडे बघितलं. मी नकाशा त्याच्या नाकासमोर धरला. आम्ही उजवीकडे वळलो आणि थोड्याच वेळात एका खाचरात पोचलो. समोर कापलेलं भात, त्यात उभ्या दोन बाया, त्यांच्या हातात विळे. नकाशातली बाई अजून 'सरळ जा' म्हणत होती.

त्या बायांपैकी एकीने हसत विचारलं, "कुठं जायचाय?"

मी वाडीचं नाव सांगितलं.

"ती वाट मागं ऱ्हायली. दोन्ही वाटा नाय त्या. तिसरी हाय, वडाच्या मागून."

म्हणजे अक्काही चुकली होती. मला फार बरं वाटलं. खाचरातून गाडी मागे घेताना चाक चिखलात रुतलं, त्या बायांनी विळे ठेवून ढकललं, माझी पॅन्ट गुडघ्यापर्यंत भरली आणि अक्का आत बसून म्हणाली, "निघताना नारळ ठेवायला हवा होता." डिकीत अर्धं पोतं होतं, तरी आमचा राहिलाच.

वाडी

वाडीवर अक्काच्या धाकट्या जाऊबाई, शेवंतावहिनी, वाट बघत उंबऱ्यावर उभ्या होत्या. अक्काला चढ चढताना धाप लागलेली बघून त्या पुढे धावल्या आणि तिला जवळजवळ उचलूनच आणलं. "ये गो बाय, बस. किती वाळलीस!" दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी बॅगा उतरवल्या. परत न्यायला कधी यायचं ते कळवा, असं सांगून इक्बालभाई गेला.

चहा झाल्यावर मी कामाचं विचारलं. "मग उद्या सकाळी कौल घेऊ?"

शेवंतावहिनींनी कपबशा गोळा केल्या. मग म्हणाल्या, "गुरवाकडं सोहेर हाय, पावणे. सुनेला लेक झाली परवा."

घरात जन्म झाला की ते दिवस सरेपर्यंत गुरवाला देवीला हात लावता येत नाही. मी म्हटलं, बाळाचा जन्म ही आनंदाची गोष्ट, देवीला त्यात विटाळ कसला? वहिनी म्हणाल्या, इटाळ नाय, रीत हाय. मी म्हटलं, मग दुसरा गुरव? त्या म्हणाल्या, दुसरा हाय, पण तो यांचाच चुलता, त्यालाबी सोहेर. मी अक्काकडे बघितलं. अक्का समाधानाने शेवग्याच्या शेंगा सोलत होती. तिला कसलीच घाई नव्हती. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं, पण मी शस्त्रक्रियेची तारीख मनात मोजण्यात गुंग होतो.

थांबलो. दुसरा इलाज नव्हता. मुंबई-पुण्याच्या लोकांसाठी सांगतो, थांबायला जागा उत्तम आहे. सकाळी दरीतून धुकं वर येतं आणि अंगणातल्या पेंढ्यांवर टेकतं. नाचणी कापून पडवीत टाकलेली असते, तिचा वास घरभर येतो. जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि रोज कुठल्या तरी घरून सुकटीची वाटी. अक्का आली हे कळल्यावर प्रत्येक घराने सुकट पाठवायचीच असं जणू ठरवलं होतं. सुकट म्हणजे मीठ. मी ताटातून काढायचो, ती परत घ्यायची. "देवीच्या गावात काही होत नाही," हे तिचं उत्तर. तुझी झडप काय चिंचवडलाच अरुंद असते का, असं मी ओरडलो, तेव्हा शेवंतावहिनींनी मलाच ताक आणून दिलं.

वाडीत फोनला रेंज नाही. रेंज फक्त एका दगडावर येते. देवळाच्या वर, शेतांच्या कडेला, एक भला मोठा काळा कातळ आहे. त्याच्या टोकावर, पोलादपूरकडे तोंड करून बसलं तरच फोन लागतो. उभं राहिलं तर जातो. वाडीचं सगळं बोलणं त्या दगडावर होतं. मस्कतला, नालासोपाऱ्याला, सुरतेला. मी रोज चढून जायचो आणि हॉस्पिटलला सांगायचो, की येतोय, येतोय, खोली कोणाला देऊ नका. शेजारी कोणीतरी आपल्या पाळीची वाट बघत बसलेलं असायचं आणि माझं सगळं बोलणं ऐकायचं. संध्याकाळपर्यंत अक्काच्या झडपेची बातमी घरोघर पोचलेली असायची.

त्यातच कळलं, की सोहेर सरला तरी कौलाला मानकरी लागतो. मानकरी राहतो नालासोपाऱ्याला. मी दगडावर जाऊन त्याला फोन लावला. तो रिक्षात होता. "हां हां, तुमी घ्या कौल, माझी परवानगी हाय. माझ्या नावानं एक नारळ ठेवा. आणि काका, जमलं तर माझा पण एक विचारा. पोराला आयटीआयला घालू का?" मी म्हटलं, देवीला आयटीआय ठाऊक आहे का? "तिला सगळं ठाऊक हाय. ऍडमिशनची लास्ट डेट जवळ आलीय, तेवढं गुरवाला सांगा."

या सगळ्यात माझं एक काम मात्र आपोआप वाढलं. मी औषधवाला आहे हे कळल्यावर लोक गोळ्यांची पाकिटं घेऊन अंगणात येऊ लागले. कोणाचं ब्लडप्रेशर, कोणाची साखर. प्रत्येकाला गोळी कशाची ते माहीत होतं, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलेलं होतं. तरी पाकीट माझ्यापुढे धरून विचारायचे, "घेऊ ना?" मी म्हणायचो, "घ्या." एवढंच. मग समाधानाने जायचे. दुकानातही असंच व्हायचं. चिठ्ठी डॉक्टरांची, पैसे त्यांचे, आणि काउंटरवर मला विचारायचे, "चांगली आहे ना हो गोळी?" मी चांगली म्हटल्याशिवाय पिशवीत टाकायचे नाहीत. मी तेव्हाही वैतागायचो.

सोहेर सरला त्या दिवशी संध्याकाळी मी गुरवाच्या घरी गेलो. धोंडू गुरव साठीचा, हडकुळा माणूस, अंगणात झोडलेलं भात वाऱ्यावर देत होता. नात बघितली, तिच्या हातावर काहीतरी ठेवलं. मग मूळ विषय काढला. मी म्हटलं, "धोंडूदादा, हिचं ऑपरेशन व्हायलाच हवं. नाही झालं तर ती जगणार नाही. आणि कौल डावा पडला तर ती टेबलावर झोपणार नाही. तेव्हा तुम्ही जरा... उजवीकडे बघा."

गेले कित्येक दिवस मी चिडत होतो, पण खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. आईनंतर मला बंडू म्हणणारं एवढं एकच माणूस उरलं आहे.

गुरवाने सूप खाली ठेवलं. खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं. "ही सकाळची घेतो. रातची पण हाय एक. दोन्ही घेऊ ना?"

मी पाकीट बघितलं. "घ्या दोन्ही."

"बरं."

"आणि माझं?"

"बघू," तो म्हणाला, आणि परत सूप उचललं. हा 'बघू' ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हो म्हण, नाही म्हण, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. बघू!

कौल

काळकाईचं देऊळ नालासोपारा मंडळाने नव्याने बांधून दिलं आहे. आतून न्हाणीघरासारख्या फरश्या, वर पत्रा, देवीच्या मागे फिरणारं लाल-निळं विजेचं चक्र. देवी मात्र जुनी, शेंदराने माखलेला, कमरेएवढा पाषाण. सकाळी वाडीतली निम्मी माणसं जमली. गुरव ओल्या अंगाने आला, चक्र बंद केलं, देवीला पाणी घातलं आणि दोन्ही अंगांना पाकळ्या लावल्या.

मग त्याने गाऱ्हाणं घातलं. आवाज एकदम बदलला. घराचं नाव घेतलं, भाऊजींचं नाव घेतलं, वाडीच्या चारी सीमांचं नाव घेतलं. "आई काळकाई, तुजी सून दारात उभी हाय. डाक्तर म्हंतो काळीज उघडतो. उघडू द्यायचं का नाय, ते तू सांग. द्यायचं असंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे. पण वेळ लावू नको, माणसं खोळंबलीत." हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं.

देवीने वेळ लावला. कोणी हललं नाही. एक कोंबडी आत आली, फरशीवर घसरली आणि बाहेर गेली. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. अक्का हात जोडून उभी होती. तिचे ओठ निळसर दिसायला लागले होते. मी तिच्या कानाशी म्हटलं, बस खाली. तिने मानेनेच नको म्हटलं. शेवंतावहिनींनी तिच्या कमरेत हात घातला. मी पाकळ्यांकडे बघत होतो, आणि मला तारखा, झडप, चांदण्या काही आठवत नव्हतं. मी मनात सरळसरळ म्हणत होतो, पड, उजवी पड, पड की गं बाई.

पडली. उजवीच. सगळ्या देवळाने एकदम श्वास सोडला. कोणीतरी घंटा वाजवली. मी अक्काकडे वळलो, तिला मिठी मारायच्या बेताने.

अक्काचा चेहरा पडला होता. ती देवीकडे अशी बघत होती, की जणू भर बाजारात देवीने तिला ओळख दिली नाही. ती फरशीवर बसली आणि तिने पदर तोंडाला लावला. जेवणात सुकट आली, तिला हातही लावला नाही.

परत

दगडावरून निरोप दिला होता, त्याप्रमाणे दुपारी इक्बालभाई आला. निघताना सगळी वाडी गाडीपाशी जमली होती. तांदूळ, नाचणी, सुकटीची पुरचुंडी. धोंडू गुरव अंगारा घेऊन आला. अक्काच्या कपाळाला लावला, माझ्याही लावला. मग आमच्या दोघांकडे बघून सगळ्यांसमोर म्हणाला, "दोघंबी येऊन गेलाव माज्याकडं. पावणे सांजचे आले, उजवी मागत होते. बाय त्याच दिवशी सकाळची आली, डावी मागत होती. मी म्हटलं, भावा-भनीचं जमंना, आता आईच बघंल."

अक्काने मान खाली घातली. माझी कानशिलं तापली. वाडी हसली. मी कसंबसं विचारलं, "मग ती उजवी... तुम्ही?"

"मी लावतो पावणे. पाडायचं काम माजं नाय." एवढं बोलून त्याने नालासोपाऱ्याच्या मानकऱ्याला, मागाहून घेतलेला आयटीआयचा कौल डावा आल्याचं सांगायचं काम माझ्या गळ्यात घातलं.

पोलादपूर आलं. गाडी हमरस्त्याला लागली तेव्हा अक्का म्हणाली, "तू कशाला गेला होतास त्याच्याकडे?"

"तू कशाला गेली होतीस?"

इक्बालभाईने आरशातून बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली.

"मला भीती वाटते बंडू," अक्का म्हणाली. "छाती कापणार, काळीज थांबवणार, मग परत चालू करणार. परत चालू झालं नाही तर? मला वाटलं, ती नाही म्हणेल. लग्नापासून तिचं सगळं केलं. एवढं तरी करेल माझ्यासाठी." ती रडत होती, आणि रागावलीही होती. "तिला माझी काही पडलेली नाही."

मग सगळं माझ्या लक्षात आलं. सोहेर, मानकरी, रोजची सुकट. ती कौलाची वाट बघत नव्हती, तो टळण्याची बघत होती. आणि मी? तीन डॉक्टर कशाला केले होते मी? पहिल्यानेच सांगितलं होतं. दुसऱ्याकडे गेलो, तिसऱ्याकडे गेलो, कारण कोणीतरी नको म्हणावं अशी माझीही इच्छा होती.

"मग आता काय करायचं?" मी विचारलं. "नसेल जायचं तर नको जाऊस." हे मी कसं बोललो मला माहीत नाही.

अक्काने डोळे पुसले. "असं कसं? विचारलं ना तिला? विचारायचं आणि मनासारखं आलं नाही की उठायचं, मग विचारायचं कशाला?"

"आणि डावी पडली असती तर?"

"तर मी नाही म्हटलं असतं. आणि तू मला उचलून नेलं असतंस." ती खिडकीबाहेर बघत होती. "तेवढं मला माहीत होतं."

मी तिला पाण्याची बाटली दिली. महाडात लॉजवाल्याने पुन्हा वरची खोली दिली. मी भांडलो नाही.

शस्त्रक्रियेच्या सकाळी अक्काने कपाळाला अंगारा लावला होता, तो नर्सने पुसला, अक्काने परत लावला. नर्स माझ्याकडे बघून वैतागली. मला तिच्याविषयी पूर्ण सहानुभूती होती. सर्जन आले. मी त्यांच्याविषयीची प्रत्येक चांदणी वाचलेली होती, तरी मी दारात त्यांचा रस्ता अडवला आणि विचारलं, "होईल ना सगळं नीट?"

चाळीस वर्षं माझ्या काउंटरवर लोक विचारत होते त्याच आवाजात विचारलं. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघू या," ते म्हणाले, आणि आत गेले. दार बंद झालं. मी त्या बंद दाराला हात जोडले.

पुढचं सांगत नाही. बाकडी, पंखे, वाईट कॉफी, महेशचे मस्कतहून दर पाच मिनिटांनी फोन. जेव्हा डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मास्क काढला, तेव्हा ते काय बोलले ते मला नीट ऐकूही आलं नाही, फक्त ते हसत होते. दुसऱ्या दिवशी अक्काच्या घशातली नळी काढली. मी वाकलो. ती पुटपुटली, "वाडीवर कळवलंस?"

नव्हतं कळवलं. शुद्धीवर आल्याआल्या हुकूम सोडायला लागली, म्हणजे काळीज चालू झालं होतं. मी बाहेर आलो आणि कुरकुरतच शेवंतावहिनींचा नंबर लावला. लागणार कसा? आदल्या दिवशीपासून डोक्यात एकच विचार होता, कळवणार तरी कुणाला. कापणीच्या दिवसांत त्या दगडावर कोण बसणार आहे.

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"बोला पावणे," शेवंतावहिनी म्हणाल्या. मागे वारा होता आणि बऱ्याच माणसांचा आवाज. "कालपास्नं पाळीपाळीनं हितंच बसलाव. धोंडूबी हाय. बोला, बाय कशी हाय?"